धोंडा धरून नऊ महिने

माझ्यावर गावाने घेतलेला पहिला आळ खरा होता. लग्न न झालेली पोर असून ही वाडीवाडीवर बायकांना त्यांच्या तारखा विचारत फिरते, असं आमच्या कापडे गावात बोललं जायचं, आणि मी खरोखरच फिरत होते. तेव्हा माझं वय वीसच्या आसपास असावं. नक्की किती, असं आईला विचारलं तर ती म्हणायची, तू झालीस तेव्हा नाचणी कापायला आली होती. आज पन्नाशीच्या उंबरठ्यावर मी हे लिहायला बसले आहे ते कुणाची माफी मागायला नव्हे. तेव्हा नावं ठेवणाऱ्यांतले काहीजण अजून देवळाबाहेर पारावर बसतात. त्यांनी हे वाचलं तरी माझी हरकत नाही.

आमचं घर रस्त्याच्या कडेला होतं. पोलादपूरहून आलेली गाडी आंबेनळी घाटाच्या दिशेने चढाला लागली की तिचा गियर बदलायचा तो नेमका आमच्या पडवीसमोर, आणि तो घरघरता आवाज हेच आमचं घड्याळ होतं. महाबळेश्वरची सकाळची एसटी वर गेली की आई चुलीवर तवा टाकायची, आणि तीच गाडी परतली की तात्या शेतावरून यायचे. तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. बाबा मुंबईला एका खानावळीच्या भटारखान्यात कामाला होते. गणपती आणि शिमगा एवढ्यापुरते ते घरी येत, त्यामुळे घरात शब्द चालायचा तो तात्यांचाच. तात्या वाईट नव्हते. बाबांच्या माघारी त्यांनी आम्हां दोघी बहिणींना काही कमी पडू दिलं नाही. पण घरातल्या बाईचा आवाज रस्त्यापर्यंत गेलेला त्यांना खपत नसे. आई तर त्यांच्यासमोर बोलायचीच नाही. तिचं सगळं बोलणं चुलीपाशी व्हायचं. राग आला की पाट्यावरचा वरवंटा जोरात फिरे, आणि मन खूश असलं की माझ्या नाचणीच्या भाकरीवर सुकटीचा वाटा जरा मोठा पडे. मी तिच्याकडून बोलायला नाही, पण न बोलता ठाम राहायला शिकले.

बारावीनंतर टायपिंग येत असलं की कुठेतरी चिकटेल, या आशेवर तात्यांनी मला महाडला कॉम्प्युटरच्या क्लासला जाऊ दिलं. क्लास अन्वर सरांचा. आखातात बरीच वर्षं काढून ते परत आले होते आणि सिमेंटच्या एका दुकानावर माडीवरची खोली भाड्याने घेऊन त्यांनी पाच जुनी यंत्रं मांडली होती. खालून उडणारी सिमेंटची भुकटी बटणांवर बसायची. पहिली पाच मिनिटं सगळ्यांनी फडकं मारायचं, मग शिकायचं. चार यंत्रांवर चित्रं होती, खिडक्या होत्या, पत्त्यांचा खेळ होता. पाचवं कोपऱ्यातलं. त्यावर सरांनी लिनक्स घातलं होतं. नुसता काळा पडदा आणि त्यावर लुकलुकणारी एक रेघ. पोरं त्याला बिघडलेलं म्हणायची. त्या यंत्राकडे कुणी जात नसे म्हणून मी गेले, कारण बाकीच्या चारांवर मुलग्यांची रांग असायची आणि मुलीचा नंबर कायम शेवटी लागायचा.

मला ते यंत्र आवडलं. त्याला काही सांगायचं तर नीट शब्दांत सांगावं लागे, आणि नीट सांगितलं तर ते ऐके. मुलगी आहे म्हणून आधी थांब, असं ते म्हणत नसे. सरांनी मला एकेक आज्ञा शिकवली. ग्रेप म्हणजे मोठ्या फाईलीतून आपल्याला हवी तेवढीच ओळ उपसून काढायची. कट म्हणजे त्या ओळीतला हवा तो तुकडा कापायचा. सॉर्ट म्हणजे सगळ्या ओळी क्रमाने लावायच्या. आणि डेट, जिचं मला वेड लागलं. अमुक तारखेनंतर इतके दिवस धरले तर कुठली तारीख येते, असं विचारलं की यंत्र महिना तिशीचा की एकतिशीचा, वर्ष बदललं की नाही, हे सगळं स्वतः सांभाळून उत्तर देई. अशा चार-सहा आज्ञा एका फाईलीत एकाखाली एक लिहून ठेवल्या की झाली स्क्रिप्ट. सुरुवातीला मी हट्टाने दिवसांची बेरीज स्वतःच लिहिली होती. सात तारखेपर्यंत सगळं ठीक चालायचं. आठ आणि नऊ आले की यंत्र अडायचं. दोन दिवस डोकं फोडल्यावर सरांनी सांगितलं की आकड्याच्या आधी शून्य लावलं की हे यंत्र तो आकडा वेगळ्या पद्धतीने मोजतं, आणि त्या मोजणीत आठ आणि नऊ हे आकडेच नसतात. मी थक्क झाले. आकडे तेच राहून मोजायची पद्धत बदलू शकते, हे मी पहिल्यांदा तिथे पाहिलं.

अन्वर सरांच्या बायको फरिदा सिस्टर आमच्या बाजूच्या आरोग्य केंद्रात नर्स होत्या. डोंगरातल्या वाड्यांवरच्या गरोदर बायकांना वेळेआधी खाली आणायचं हे त्यांचं मोठं दुखणं. बाईला कितवा महिना आहे हे विचारलं तर सासू उत्तर देई, आणि सासूचं उत्तर शेतीच्या कामावर अवलंबून असे. कामं चालू असली की बाईला सातवा, कामं संपली की एकदम नववा. एकदा क्लासमध्ये सरांना डबा द्यायला आलेल्या असताना त्या हे वैतागून सांगत होत्या. मी म्हटलं, सिस्टर, पाळीची शेवटची तारीख कळली तर पुढची तारीख मी काढून देते. त्या हसल्या. म्हणाल्या, तारीख कळली तर मी पण काढीन, पण तारीख आहे कुणाला माहीत? तुझ्या वाडीवरच्या बायकांकडे कॅलेंडर आहे का?

कॅलेंडर नव्हतं, पण बायकांना माहीत होतं. सिस्टरबरोबर वाड्यांवर जायला लागल्यावर मला ते उमगलं. तारीख विचारली की बाई गप्प बसे. पण कुठल्या सणाला बाहेर बसलीस, असं विचारलं की लगेच सांगे. नागपंचमीला माझ्या हातची उकड कुणी खाल्ली नाही. गौरी आल्या त्या दिवशी मी गोठ्यात होते. वाडीवर देवीचा गोंधळ होता आणि मला लांबूनच हात जोडावे लागले. ज्या दिवशी सगळ्यांनी मिळून तिला बाजूला बसवलं, तो दिवस बाई विसरत नाही. मी महाडहून एक भिंतीवरचं कॅलेंडर आणलं आणि इंग्रजी अक्षरांत त्याची फाईल करायला घेतली. एका ओळीत एक दिवस: इंग्रजी तारीख, मराठी महिना, पंधरवडा, तिथी आणि सण असला तर सण. ईद आणि उरूसही घातले, कारण खालच्या गावांतल्या मुसलमान बायका त्यावरून सांगत. मग स्क्रिप्ट लिहिली. बाईने सांगितलेला सण ग्रेपने शोधायचा, त्या ओळीतली तारीख कापून घ्यायची, तिच्यापुढे दोनशे ऐंशी दिवस मोजायचे आणि सगळ्या बायकांच्या तारखा क्रमाने लावायच्या. सिस्टर तो कागद घेऊन फिरायच्या आणि जिची तारीख जवळ आली तिच्या घरी जाऊन बसायच्या.

आता माझी भाची मोबाईलवर बोट फिरवते आणि गुलाबी फुलांच्या चित्रात तिला सगळं दिसतं. ती मला म्हणते, मावशी, एवढ्यासाठी तू भांडलीस? हो, एवढ्यासाठीच.

गावात ही गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. एका माणसाच्या बायकोला मी सण विचारला आणि त्याने भातगिरणीवर चार लोकांत तात्यांना ऐकवलं. त्या दुपारी तात्या जेवायला बसले, कुळथाची पिठी आणि भाकरी पुढे होती, पण त्यांनी हात लावला नाही. मला समोर बोलावून म्हणाले की टायपिंगला पाठवली होती, बायकांचे विटाळ मोजायला नाही. उद्यापासून क्लास बंद. मी सांगितलं की सिस्टरना माझ्या कागदाचा उपयोग होतो, मी येणार नाही असं त्यांना तुम्हीच जाऊन सांगा. तात्यांना असं उत्तर कुणी दिलं नव्हतं. ते सावकाश म्हणाले, "अशा पोरीला कोण करून घेईल गो?"

"नाही करून घेतलं तर राहीन," मी म्हटलं.

आईने तात्यांच्या ताटात आणखी पिठी वाढली आणि माझी पिशवी खुंटीवरून काढून माझ्या हातात दिली. खाली जाणारी दुसरी एसटी घाटातून उतरत होती. मी तीच पकडून महाडला गेले. क्लास बंद झाला नाही.

आता रंजनाताईचं सांगायला हवं, कारण या सगळ्याच्या मुळाशी तीच होती. ताई माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी. तिला वर कुडपणच्या पठारावर दिली होती. भावोजी मुंबईला, आणि वर सासू, धाकटा दीर आणि नाचणी-वरीची शेती. लग्नानंतर वर्षभरात ताईला पहिलं मूल झालं आणि गेलं. पावसाळ्यात, तिथे पठारावरच, खाली आणायलाही वेळ मिळाला नाही. तिच्या सासूला सगळे बयाकाकी म्हणत. बयाकाकीने तेव्हा सांगितलं की मूल आठव्यातच पडलं, अपुरं होतं, हिने लाकडाची मोळी उचलली म्हणून झालं. ताईने ते खरं मानलं. त्यानंतर ती माहेरी आली की हंडाही उचलत नसे, आणि कुणी मोळीचं नाव काढलं की उठून मागच्या दारी जात असे. पूर्वी आमच्या घरात सगळ्यांत मोठ्याने हसणारी तीच होती.

त्या वर्षी ती पुन्हा गरोदर होती. शिमग्याला खाली आली तेव्हा मी तिला विचारून घेतलं होतं. दसऱ्याला ती बाहेर बसली होती, घरातल्यांनी सोनं वाटलं ते तिने लांबून पाहिलं. माझ्या कागदाप्रमाणे तिची तारीख आषाढ लागायच्या आधी येत होती. आणि ज्येष्ठात बयाकाकीने जीपवाल्याबरोबर निरोप धाडला की रंजनाला आठवा चालू आहे, लावणी उरकली की आखाडात खाली आणतो.

माझ्या आणि बयाकाकीच्या मोजणीत महिन्याचा फरक होता. मला आधी वाटलं, चूक माझीच. सात पोरं वाढवलेल्या बाईपुढे माझी चार ओळींची स्क्रिप्ट काय? मी क्लासमध्ये बसून दसऱ्याची ओळ पुन्हा काढली, दिवस पुन्हा मोजले. तारीख तीच. त्याच दिवशी मी एका दुसऱ्या बाईची नोंद करत होते, तिने ज्येष्ठ लागला तो दिवस सांगितला होता. ग्रेपने शोधलं तर एकाऐवजी दोन ओळी आल्या. दोन्हींवर ज्येष्ठ, दोन्हींवर प्रतिपदा, आणि दोन्ही तारखांत महिन्याचं अंतर. मी अन्वर सरांना हाक मारली. फाईलीत एक महिना दोनदा टाइप झालाय बहुतेक, असं म्हटलं. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं उलटली आणि म्हणाले की फाईल बरोबर आहे, तुमच्या वर्षातच दोन ज्येष्ठ आहेत. माझ्या फाईलीत महिन्याच्या नावाला एकच रकाना होता. अधिक म्हणजे धोंड्याचा ज्येष्ठ आणि नेहमीचा, निज ज्येष्ठ, असं वेगळं मी लिहिलंच नव्हतं.

घरी आल्यावर मी आईला विचारलं की बाईचे महिने मोजताना धोंड्याचा महिना धरतात का. आई तांदूळ निवडत होती. म्हणाली, "धोंडा मोजत नाय गो. तो देवाचा." तेवढं बोलून तिचा हात सुपात थांबला. तिला काय आठवलं ते मला लगेच कळलं नाही. मग ती हळूहळू सांगू लागली. लग्नानंतर ताईचा दिवाळसण झाला तेव्हा जावई पहिल्यांदा सणाला घरी आले होते, आणि पोरगी नेमकी बाहेर बसलेली. आईला जावयाचं औक्षण दुसऱ्या बाईकडून करून घ्यावं लागलं होतं, म्हणून तिच्या पक्कं लक्षात होतं. आणि त्याच्या पुढच्या पावसाळ्यात धोंडा होता, आषाढात. जावयाला अनारसे द्यायचे म्हणून तिने तांदूळ भिजत घातले होते आणि जावयांना मुंबईहून सुटी मिळाली नाही. तो धोंडा सरला आणि लगेचच ताईचं मूल गेलं होतं.

या हिशेबाला यंत्र लागलं नाही. आम्ही मायलेकींनी सुपावर बोटांनी मोजलं. दिवाळीपासून धोंडा सोडून मोजलं की आठवा. धोंडा धरून मोजलं की नऊ महिने पुरे.

"पोराला नखं होती," आई म्हणाली. "जावळ होतं. मी म्हटलं होतं तिच्या सासूला, आठव्यातलं पोर असं भरलेलं नसतं. ती म्हणाली, आमच्या घराण्यात पोरं अंगानं मोठीच."

दुसऱ्या दिवशी मी कुडपणला निघाले. तात्यांना सांगितलं नाही. जीप चढावर जिथपर्यंत जायची तिथपर्यंत जीपने आणि पुढे चिखलातून पायी. वाटेत माझ्या डोक्यात बोलणं ठरत होतं आणि मोडत होतं. मला भीती वाटत होती, नाही असं नाही. बयाकाकीच्या मोजणीने तिची स्वतःची पोरं जगली होती आणि वाडीतल्या निम्म्या बायकांची सुटका तिच्या हातून झाली होती. ती दुष्ट असती तर माझं काम सोपं झालं असतं.

ताई मागच्या दारी भांडी घासत होती. तिचं पोट पाहूनच मला कळलं की आखाडाची वाट पाहण्यात अर्थ नाही. मी तिच्या शेजारी उकिडवी बसले आणि आई आणि मी मोजलेलं सगळं तिला सांगितलं. दिवाळसण, धोंडा, नखं, जावळ. ती घासतच राहिली. एकच ताट घासत राहिली. मग तिने ते राखेत ठेवलं आणि विचारलं, "म्हंजे मोळीनं नव्हतं ते?"

"नव्हतं, ताई."

"पुरं होतं?"

"पुरं होतं. तुला वेळेवर खाली आणायला हवं होतं, एवढंच."

मी तिला रडताना पाहायची तयारी केली होती. ती रडली नाही. तिने हात धुतले, भिंतीला धरून उठली आणि पुढच्या दारी गेली. बयाकाकी ओटीवर बी साफ करत होती. मी मागोमाग गेले आणि आधी मीच बोलले, कारण एवढ्या लांब मी त्यासाठीच आले होते. मी सांगितलं की ताईला नववा सरत आलाय, तिला आजच महाडला न्यायला हवं. बयाकाकीने मान वर न करता सांगितलं की धोंड्याचा महिना देवाचा, त्यात काही धरत नाहीत.

"देवाचा असेल काकी," मी म्हटलं. "पण पोटातलं पोर त्या महिन्यात वाढायचं थांबतं का?"

"तुला काय ठावं? तुझं लगीन तरी झालंय?"

"नाही झालं. मोजता मात्र येतं. मागच्या वेळेलाही धोंडाच होता, आठवा. ते पोर आठव्यातलं नव्हतं."

बयाकाकीचा हात थांबला. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला आजही नीट सांगता येत नाही. राग होता, पण त्याच्या मागे आणखी काहीतरी होतं, जे तिने लगेच आत ढकललं. एवढ्यात ताई शांतपणे म्हणाली, "मी खाली चालले."

"हा उंबरा वलांडलास तर फिरून येव नको," बयाकाकी म्हणाली.

"बरं," ताई म्हणाली.

एवढंच. लग्न झाल्यापासून सासूला तिने दिलेलं ते पहिलं उत्तर असावं. मी तिची दोन लुगडी पिशवीत भरली आणि आम्ही उतरायला लागलो. चिखलात पाय घसरेल म्हणून ती माझ्या खांद्याला धरून बाजूबाजूने पाय टाकत होती, दर थोड्या अंतराने दगडावर बसत होती. वाडीतल्या बायका दारात उभ्या राहून पाहत होत्या. कुणी अडवलं नाही, कुणी मदतही केली नाही. फक्त शेवटच्या घरातल्या एका सुनेने काठी आणून ताईच्या हातात दिली आणि परत गेली.

कापड्याला जीप थांबली तेव्हा तात्या पडवीतच होते. सगळं ऐकून घेतल्यावर ते म्हणाले की सासूच्या मर्जीविरुद्ध आणलेली लेक या घरात राहणार नाही. उद्या सोयरिकीत तोंड दाखवायला जागा राहायची नाही. त्यांचा आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे जास्त लागला. आई आतून सगळं ऐकत होती. तिने चुलीतली जळती लाकडं बाहेर ओढली, त्यांच्यावर पाणी ओतलं, डोक्यावरचा पदर नीट केला आणि बाहेर येऊन जीपमध्ये ताईशेजारी जाऊन बसली. त्या घरात चूल अशी भर दिवसा विझलेली मी कधी पाहिली नव्हती. तात्यांनीही पाहिली नसावी. ते उठून उभे राहिले. जीप निघाली.

महाडला आम्ही फरिदा सिस्टरच्या घरी राहिलो. दोन खोल्यांचं घर, सरकारी दवाखाना तिथून चालत जाण्याइतका जवळ. आईने आयुष्यात मुसलमानाच्या घरचं पाणी घेतलं नव्हतं. पहिल्या दिवशी तिने नुसती केळी खाल्ली आणि भिंतीकडे तोंड करून बसून राहिली. ताईने मात्र आल्याआल्या सिस्टरच्या हातची तांदळाची भाकरी आणि वालाची आमटी पोटभर खाल्ली आणि आणखी मागितली. तिला खाताना पाहून आईची तिसऱ्या दिवशी हरकत संपली. चौथ्या दिवशी ती सिस्टरना कुळथाची पिठी कशी पातळ ठेवायची ते दाखवत होती. कापड्यात काय बोलणं चाललं असेल ते आम्हाला ठाऊक होतं. बोलोत.

माझ्या स्क्रिप्टने काढलेली तारीख आली आणि गेली. काही झालं नाही. दुसरा दिवस गेला, तिसरा गेला. बयाकाकीचा निरोप आला की यंत्र बघा आणि आमची मोजणी बघा. मी क्लासमध्ये जाऊन काळ्या पडद्यासमोर नुसती बसून राहिले. एका बाईला तिच्या घरातून उठवून आणलं होतं मी, चिखलातून उतरवलं होतं. अन्वर सर जवळ आले आणि म्हणाले, "यंत्राने तुला अंदाज दिलाय बेटा, मुहूर्त दिलेला नाही. आठ दिवस मागे-पुढे म्हणजे बरोबरच." मला ते पटलं आणि तरी धीर आला नाही.

त्यानंतर एका दुपारी, आई तांदूळ धूत असताना, ताईच्या कळा सुरू झाल्या. दवाखान्यात नेल्यावर बराच वेळ झाला तरी सुटका होईना. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या की नाळ बाळाच्या मानेभोवती आहे, ऑपरेशन करावं लागेल. आईने त्यांच्याकडे पाहिलं आणि विचारलं की हे वर डोंगरात झालं असतं तर. डॉक्टरीणबाई घाईने आत गेल्या, आणि आईला उत्तर नकोही होतं.

मुलगी झाली. पूर्ण दिवसांची, डोक्यावर दाट जावळ. तिचं रडणं आम्ही बाहेर बाकावर ऐकलं आणि आई, जी कधी काही बोलायची नाही, ती तिथल्या अनोळखी माणसांना सांगत सुटली की माझी नात आहे. निरोप मिळून भावोजी मुंबईहून आले. त्यांना आजवर मोळीचीच गोष्ट माहीत होती. ताईने त्यांना खरं काय ते सांगितलं तेव्हा मी खोलीत होते. ते उठले, बाळाची ओली दुपटी उचलून नळावर गेले आणि स्वतः धुऊन आणली. ताईला त्यांनी परत वर पाठवलं नाही, मुंबईला आपल्याबरोबर नेलं. आम्ही कापड्याला परतलो तर तात्यांनी स्वतः भात शिजवून करपवला होता. आईने पातेलं घासायला घेतलं आणि चूल पेटवली. त्यानंतर माझ्या क्लासबद्दल त्या घरात कुणी अवाक्षर काढलं नाही. माझं लग्नही झालं, उशिरा, आणि ज्याने मला विचारलं त्याला मी आधीच सांगितलं की मी हे काम सोडणार नाही.

बयाकाकी भेटली ती पुढचा धोंडा आला त्या वर्षी. तोवर मी क्लासमध्ये शिकवू लागले होते आणि सिस्टरचे कागद अजून मीच काढत होते. एका सकाळी ती सिमेंटच्या दुकानावरचा जिना चढून वर आली. बरोबर तिची धाकटी सून, नवी, डोक्यावरून पदर घेतलेली. बयाकाकीने आजूबाजूला यंत्रं पाहिली, बसायला दिलेल्या खुर्चीवर बसली नाही. मागचं काही बोलली नाही आणि मीही काढलं नाही. तिचं दुःख तिने कुठे ठेवलं असेल ते तिचं तिला ठाऊक. ती एवढंच म्हणाली, "हिची तारीख काढ. धोंडा धरून."

आणि मग सवयीने सुनेच्या वतीने सांगू लागली की अमुक सणाच्या आसपास, बहुतेक पुनवेच्या पुढे. मी तिला मध्येच थांबवलं.

"तुम्ही नका सांगू, काकी. तिला बोलू दे."

बयाकाकी गप्प झाली. तिला ते आवडलं नाही, पण ती गप्प झाली. मी सुनेकडे वळले आणि विचारलं की कुठला सण होता, कुठल्या दिवशी बाहेर बसलीस. तिने आधी सासूकडे पाहिलं. सासू खिडकीबाहेर पाहत होती. मग ती माझ्याकडे बघून म्हणाली, "सण कशाला? मला तारीख म्हायती हाय. कोणी इचारलीच नाय."

मी बटणांवरची भुकटी पुसली आणि तिने सांगितलेली तारीख, तिने सांगितली तशी, टाइप केली.